आपोआप बंद होणारी गाडी

“दोन्ही एकसारख्याच दिसत्यात की रं,” आत्याबाई म्हणाल्या. “मग येवढा घोळ कशाला घालतोयस?”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. शोरूमच्या मधोमध त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती आणि हातात कोकम सरबताचा ग्लास दिला होता. समोर एकाच जातीच्या दोन पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. माझे यजमान, हणमंतराव, दोन्हींभोवती फेऱ्या मारत होते. मध्येच वाकून ते बॉनेटवर बोटाच्या पेरानं टकटक करत. कराडात आमचं मोटारपंपांचं दुकान आहे. समोर कुठलंही यंत्र आलं की हा माणूस आधी ते वाजवून बघतो.

“आई, दिसण्यावर काय आहे? आत फरक आहे. ही साधी डिझेल, आणि ही इको.”

“इको म्हंजे?”

हणमंतरावांनी शोरूमच्या मुल्लाणींकडे पाहिलं. मुल्लाणी पन्नाशीचे, सडपातळ, बोलायला सावकाश. ते खाली वाकून आत्याबाईंना म्हणाले, “आजी, ही डिझेल कमी खाते. धूरही कमी सोडते. फक्त हिची ओढ थोडी कमी आहे.”

“म्हंजे उपासाची गाडी म्हणा की.”

मुल्लाणींना हसू आवरेना. हणमंतराव मात्र हसले नाहीत. “अगदी बरोबर बोललीस बघ,” ते म्हणाले. “मुल्लाणी, माझ्याकडं गिऱ्हाईक येतं. म्हणतं, विहीर खोल आहे, पण बिल कमी यायला पाहिजे, छोटी मोटर द्या. मी देत नाही. पाणी वर चढलं नाही तर शिव्या मला खायला लागतात. आणि इथं तर कुंभार्लीचा घाट आहे.”

घाटाचं कारण मी होते. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना मी बोलायला शिकवते. कराडच्या शाळेत माझी बरीच वर्षं झाली होती. त्या वर्षी चिपळूणच्या एका नव्या शाळेनं विचारलं, आठवड्यातून दोन दिवस याल का? तिथं चाळीसेक मुलं होती आणि शिकवायला कुणीच नव्हतं. एसटीनं जायचं तर शाळा सुटायच्या बेताला पोचायचं. म्हणजे गाडी हवी, आणि ती मला चालवता यायला हवी. ही गोष्ट आहे दहा-अकरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पंचेचाळिशीला टेकले होते, आणि चिपळूणला जायचंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

गाडी घेऊ, हे हणमंतरावच पहिल्यांदा म्हणाले, हे सांगायलाच हवं. मी मागितली नव्हती. “तुझं काम आहे, तू गेलं पाहिजेस,” असं सरळ म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी गाड्यांची माहितीपत्रकं घरी घेऊन आले. माणूस सोन्यासारखा. घरात कधी आवाज चढवायचा नाही, ताटात पडेल ते खाणार, माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत बसणार. पण मी गाडी चालवायला बसले आणि हे शेजारी बसले, की यांच्या अंगात कोण शिरायचं देव जाणे.

लायसन मी कधीच काढलं होतं. शिकले ती दुकानाच्या जुन्या व्हॅनवर. रविवारी सकाळी आम्ही मार्केट यार्डाच्या मोकळ्या रस्त्यावर जायचो. “क्लच! क्लच सोड! अगं हळू सोड! ब्रेक! पाडलीस बंद!” हे सगळं एका दमात. दुकानात दिवसभर मोटारी धडधडत असतात, तिथं बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, तोच आवाज त्या व्हॅनमध्ये. गाडी बंद पडली की माझे हातपाय गार पडायचे. किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची तेसुद्धा आठवायचं नाही. मग ते म्हणायचे, “ऊठ, मी घेतो.” मी उठायचे. असे किती रविवार गेले, आणि मग ते रविवारही बंद झाले.

गंमत म्हणजे, शाळेत आईबापांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असे. मूल अडखळलं तर आवाज वाढवू नका. ओरडून त्याला काही जास्त ऐकू येत नाही. समोर बसा आणि थांबा. घरी मात्र हे सांगायची माझी छाती झाली नाही. इतक्या चांगल्या माणसाला कुठं दुखवायचं, असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मला थोडी लाजही वाटायची.

“जमलं तर ठीक, नाहीतर ड्रायव्हर ठेवू,” शोरूमला येताना रिक्षात हणमंतराव म्हणाले होते. प्रेमानंच म्हणाले. पण मी मनातल्या मनात हिशेब मांडला. पन्नास मैल कुणीतरी मला नेणार, कुणीतरी आणणार, त्याला ताप आला की माझी शाळा बुडणार. शिवाय एकदा ड्रायव्हर आला की मी पुन्हा आयुष्यात गाडीला हात लावणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

आधी साधी गाडी फिरवायची ठरली. हणमंतराव चालवायला बसले, शेजारी मुल्लाणी, मागं मी आणि आत्याबाई. आत्याबाईंना चढता-उतरता येतं का हे बघायचं होतं, म्हणून त्या. एरवीही त्या आल्याच असत्या. हायवेला लागल्याबरोबर गाडीनं अशी उसळी घेतली की आत्याबाईंनी माझा दंड धरला.

“बघितलंस?” हणमंतराव खुशीत म्हणाले. “याला म्हणतात ओढ.”

येताना त्यांनी गाडी कडेला घेतली. “आता तू घे, शैला.”

मुल्लाणी उतरून मागं आले आणि हणमंतराव माझ्या शेजारी. मी सीट पुढं ओढली, आरसा नीट केला. थोडं अंतर बरं गेलं. मग सर्व्हिस रोडवर वळायचं होतं, समोरून एक डंपर आला, मी थांबले, क्लच सोडला आणि गाडीनं गचका खाल्ला.

“क्लच! अगं क्लच! पाडलीस बंद!”

डंपरवाला हॉर्न देत होता. माझा हात किल्लीकडे गेला आणि वायपर सुरू झाले. कडकडीत उन्हात कोरड्या काचेवर ते कर्रकर्र फिरायला लागले.

“ऊठ, मी घेतो,” हणमंतराव म्हणाले.

मी उठले. मागं मुल्लाणींच्या शेजारी जाऊन बसले, तेव्हा ते बाहेर उसाच्या फडाकडे बघत होते. एवढं लक्ष देऊन बघण्यासारखं त्या फडात काही नव्हतं.

शोरूमला परत आल्यावर हणमंतराव म्हणाले, “झालं की. हीच घेऊ.”

“साहेब, इकोपण एकदा बघून घ्या,” मुल्लाणी म्हणाले. “खरं सांगतो, इकडं ती कुणी घेत नाही. पण बाहेर काढलीच आहे तर...”

इको हणमंतरावांनी जेमतेम हायवेपर्यंत चालवली. “दम नाही,” त्यांनी निकाल दिला. “चौथ्यात टाकली की झोपते. आई म्हणते तसं, उपासाची.” आणि गाडी वळवायला लागले.

“चालवणार मॅडम आहेत ना?” मुल्लाणी शांतपणे म्हणाले. “मग त्यांनाही बघू दे. तुम्ही जरा मागं आईंजवळ बसा, साहेब. मला यातल्या दोन-तीन गोष्टी मॅडमना शेजारी बसून दाखवाव्या लागतील.”

मला नको होतं. वायपरचा तो आवाज अजून कानात होता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून बसले. मुल्लाणींनी मला काहीसुद्धा दाखवलं नाही. नुसते पट्टा लावून बसून राहिले.

पुढं सिग्नल लाल झाला. मी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, क्लचवरून पाय काढला. त्याबरोबर इंजिन बंद.

“पाडलीस बंद!” मागून आवाज आला. “अगं उभ्या गाडीत कशी काय...”

“नाही साहेब,” मुल्लाणी म्हणाले. “तिनं स्वतः बंद केलं. सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप बंद होतं. तेवढंच डिझेल वाचतं. मॅडम, क्लच दाबा.”

मी क्लच दाबला. गाडी सुरू झाली. किल्लीला हात लावला नाही, काही नाही.

मग हणमंतरावांमधला मिस्त्री जागा झाला. “बॅटरीचं काय मग? सारखं स्टार्टर मारून मोटर जळत नाही?” मुल्लाणींनी सांगितलं की हिची बॅटरीही मोठी आहे आणि स्टार्टरही दणकट. “असं होय!” हणमंतराव म्हणाले आणि लगेच आत्याबाईंना समजावून द्यायला लागले. गाडीत काही शिकवताना यांचा असला मऊ आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी पुढं निघाले. पुलाखालून वर चढणारा रस्ता लागला. कारखान्यांचा हंगाम होता, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कण्हत चालला होता. तो चढावरच थांबला. मीही थांबले. तो हलला, मी क्लच सोडला, आणि इंजिन पुन्हा बंद झालं.

“बघ आई, पुन्हा,” मागून हणमंतराव म्हणाले. “गाडी उभी, इंजिन बंद. डिझेल वाचलं. डोकं लावलंय बघ यांनी.”

“चांगलं हाय की,” आत्याबाई म्हणाल्या. “उगं फुकट कशाला जाळायचं.”

मुल्लाणींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग मघासारखंच बाहेर बघायला लागले. मी क्लच दाबला. गाडी सुरू झाली. ट्रॅक्टरच्या मागून मी चढ चढले, डावीकडे वळले, आणि गाडी थेट शोरूमच्या दारात आणून उभी केली. गाडी जागेवर लावेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की एवढा सगळा रस्ता मला कुणी “ऊठ” म्हटलं नव्हतं.

“तर मग साधी,” टेबलाशी बसत हणमंतराव म्हणाले.

“मला इको हवी,” मी म्हणाले.

“कशापायी?”

“डिझेल कमी लागेल. आठवड्यातून दोनदा जायचंय.”

“अगं, घाटात दुसऱ्या गिअरवर रडत चढवशील, मग कुठलं आलंय कमी डिझेल?”

“धूर कमी. कोकणातली एवढी झाडी...”

“तुझ्या एका गाडीनं कोकण काळं होणार नाही.” त्यांनी फोन काढला आणि पुण्याला आमच्या मुलाला लावला. स्पीकरवरच. मुलगा म्हणाला, “आई, घाटासाठी साधीच घे. सगळे तेच म्हणतात. इको शहरासाठी बरी.” ते खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला. सगळेच बरोबर बोलत होते. माझ्याजवळ एकच कारण होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

“लिहा मुल्लाणी. साधी. पांढरीच.”

“थांबा,” मी म्हणाले. माझा आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी वळून पाहिलं.

“मी चहाचं बघतो,” म्हणून मुल्लाणी उठून गेले.

हणमंतराव माझ्याकडे बघत राहिले. “काय झालं?”

“मघाशी चढावर गाडी बंद पडली ना, ट्रॅक्टरच्या मागं?”

“पडली नाही, तिनं केली. आपोआप.”

“नाही. ती मी पाडली. गिअर तसाच होता, क्लच लवकर सोडला मी. नेहमी पाडते तशीच पाडली.”

त्यांच्या डोक्यात सगळा चढ पुन्हा एकदा फिरून आला असावा. “पण मग सुरू कशी झाली?”

“या गाडीत तशीही क्लच दाबला की सुरू होते. ते सोडा. तुम्हाला कळलं नाही की मी पाडली. म्हणून तुम्ही ओरडला नाहीत. आणि तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून माझे हात गार पडले नाहीत. चढावर बंद पडलेली गाडी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून पुढं नेली. मला म्हणून ही गाडी हवी. डिझेलसाठी नकोय, झाडांसाठी पण नकोय.”

शोरूममध्ये, त्या काचा आणि फुगे लावलेल्या ठिकाणी रडायला लागले तर काय, अशी भीती वाटली. पण रडले नाही.

हणमंतरावांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. मग अगदी हळू म्हणाले, “मी एवढा ओरडतो?”

“हो.”

“शिकवायला म्हणून गं.”

“माहीत आहे मला.”

“ह्येचा बापबी असाच हुता,” आत्याबाई म्हणाल्या. त्या ऐकत असतील असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. “बैल सरळ चालत असला तरी वरडायचा. मी एक डाव म्हणलं, काय चुकलं त्याचं? तर म्हणतो, चुकू नये म्हणून. बैल बिचारा दचकून नांगराच्या तासातनं भाईर.”

हणमंतरावांचे कान लाल झाले. टेबलावर पडलेलं पेन त्यांनी उचललं, टोपण काढलं, परत लावलं. “असं करू,” ते म्हणाले. “साधी घेऊ. मी नाही ओरडणार. शब्द देतो. घाटाला ती चांगली, शैला. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. माणूस मनापासून बोलत होता. ‘बरं’ म्हटलं असतं तर तिथंच सगळं गोड झालं असतं, आणि मी ते म्हणायच्या अगदी बेताला आलेही होते. पण मग मला तो सर्व्हिस रोड दिसला, तो डंपर दिसला, आणि माझ्या मनात आलं, त्या वेळी यांच्या तोंडाजवळ आधी काय पोचेल, हा शब्द की ते ‘पाडलीस बंद’?

“तुम्ही मनापासून बोलताय,” मी म्हणाले. “पण ते तुमच्या तोंडून निघून जातं, तुम्हाला कळायच्या आत. आणि मला रोज तुमच्या शब्दाची परीक्षा घ्यायची नाही. मला चिपळूणला जायचंय. घाटात ही गाडी रडत चढेल, तर चढू दे. मी रडत नाही चढणार.”

मुल्लाणी चहा घेऊन आले. कपबशा ठेवताना त्यांनी कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. हणमंतराव उठले, चालत इकोपाशी गेले. या वेळी त्यांनी बॉनेट वाजवलं नाही. खिडकीतून आत वाकून खालच्या क्लचकडे बघत राहिले. तिथूनच त्यांनी विचारलं, “मुल्लाणी, ही किती वेळा बंद पडली तरी सुरू होते?”

“जितक्या वेळा पडेल तितक्या वेळा, साहेब.”

“मग हीच लिहा,” ते म्हणाले.

चिपळूणला पहिल्या दिवशी ते बरोबर येतो म्हणाले. मी नको म्हणाले. उतरताना काही अडचण आली नाही. शाळेत मुलांनी मला घेरून टाकलं. एका मुलीनं माझ्या गळ्याला हात लावून माझा आवाज हातानं ऐकला. दुपारी परत निघाले आणि घाटाला लागले. खरंच सांगते, सगळे बरोबर होते. गाडी दुसऱ्यात कण्हत होती, कधी पहिल्यात आणावी लागत होती. मागचे ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होते, एक जीपवाला तर मान बाहेर काढून काहीतरी बोलून गेला. घाटाखाली एका नाक्यावर थांबले तेव्हा तिनं स्वतः इंजिन बंद केलं होतं; पुढं एका वळणावर मी चढातच थांबले, क्लच लवकर सोडला आणि गाडी बंद पडली. मी क्लच दाबला आणि पुढं निघाले.

घाटमाथ्यावर गाडी कडेला लावली. मोबाइलला रेंज आली होती आणि त्यावर हणमंतरावांचे किती तरी फोन येऊन गेलेले दिसत होते. मी लावला. पहिली घंटा वाजायच्या आत त्यांनी उचलला. मागं दुकानातली मोटर धडधडत होती. ती कुणाला तरी बंद करायला सांगितल्याचं ऐकू आलं, मग शांतता झाली.

“कुठं आहेस?”

“वर आले. घाट संपला.”

“बंद पडली?”

“दोनदा.”

ते थांबले. फोनवरही मला कळत होतं, काहीतरी ओठांपर्यंत आलंय आणि ते गिळतायत.

“तिनं केली का तू पाडलीस?”

“एकदा तिनं केली. एकदा मी पाडली.”

“बरं,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, त्या मऊ आवाजात, “चहा घे तिथं कुठंतरी. घाई करू नकोस.”

मी चहा घेतला. मग क्लच दाबून गाडी सुरू केली आणि पाटणच्या दिशेनं निघाले.